शाबासकी

'शाबास' हा शब्द मराठीत फारसी भाषेतून आला. 'शाद बाश' म्हणजे 'आनंदी रहा' हे त्याचे मूळ रूप. कोणी चांगले काम केले असता त्याला आनंद इच्छिण्याची ही रीत पुढे इतकी रुळली की, पाठीवर थाप मारण्याच्या क्रियेलाही 'शाबासकी' हेच नाव मिळाले. या शब्दाला मोल पडत नाही आणि तो उच्चारावयास क्षणभरही पुरतो. तथापि त्याच्या अंगी मोठे सामर्थ्य आहे. तो योग्य वेळी मिळाला तर मुलाच्या मनाला उभारी येते. अयोग्य रीतीने मिळाला तर त्याच मनात नकळत भीतीचे बीज पडते.

मुलांची स्तुती करावी की करू नये, याविषयी वडीलधाऱ्या मंडळींत पूर्वीपासून दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, स्तुतीने मूल शेफारते. आपण फार मोठे झालो असे त्याला वाटू लागले, की त्याची प्रगती खुंटते. म्हणून मुलाचे कौतुक मनात असावे, ओठावर येऊ नये. घरी आलेल्या पाहुण्यांपुढे 'आमचा मुलगा अगदीच सामान्य' असे सांगणारे वडील याच पक्षाचे. दुसऱ्या पक्षाला हे मान्य नाही. रोपट्याला जसे पाणी तशी मुलाला स्तुती, असे तो म्हणतो. आणि मुलाने कागदावर एक रेघ ओढली तरी 'वा! वा!' असा गजर करतो. दोन्ही पक्षांच्या मनात मुलाविषयी प्रेमच असते. परंतु केवळ प्रेम असल्याने उपाय बरोबर ठरतो असे नाही. गेल्या शंभर वर्षांत शिक्षणशास्त्रज्ञांनी व मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची प्रत्यक्ष मुलांमध्ये जाऊन कसोशीने परीक्षा केली आहे. तिच्यातून काय निष्पन्न झाले ते पाहणे उद्बोधक ठरेल.

एलिझाबेथ हरलॉक या अमेरिकन विदुषींनी १९२५ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चौथ्या व सहाव्या इयत्तेतील १०६ मुले निवडली आणि त्यांचे सारख्या योग्यतेचे चार गट पाडले. पाच दिवस या मुलांना बेरजेची उदाहरणे सोडवावयास दिली. पहिल्या गटातील मुलांना रोज वर्गापुढे बोलावून त्यांची वाहवा करण्यात येई. दुसऱ्या गटाला सर्वांसमक्ष बोल लावण्यात येत. तिसरा गट त्याच खोलीत बसून हे सर्व ऐके. पण त्याच्या वाट्याला ना स्तुती येई, ना निंदा. चौथा गट वेगळ्या खोलीत असे व त्याला यातले काहीच ठाऊक नसे. दुसऱ्या दिवशी असे दिसले की, वाहवा झालेल्या आणि बोलणी खाल्लेल्या अशा दोन्ही गटांनी आपले काम सुधारले. मात्र पुढे त्यांचे मार्ग वेगळे झाले. स्तुती लाभलेली मुले दिवसेंदिवस पुढे सरकत राहिली; रागावून घेतलेली मुले हळूहळू मागे पडू लागली. ज्यांच्याकडे कोणी लक्षच दिले नाही त्यांची प्रगती तर आणखीच थोडी होती.

या प्रयोगावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बोल लावल्याने मूल क्षणभर खडबडून जागे होते, पण तो परिणाम टिकत नाही. आणि दुर्लक्ष हे तर रागावण्यापेक्षाही घातक ठरते. आपण केलेले काम कोणीतरी पाहत आहे, ही जाणीव मुलाला अन्नपाण्याइतकीच आवश्यक असते. तेव्हा 'कौतुक ओठावर येऊ नये' हा पहिल्या पक्षाचा आग्रह येथेच ढिला पडतो.

यावरून दुसरा पक्ष विजयी झाला असे मात्र कोणी समजू नये. हरलॉकबाईंचा प्रयोग पाच दिवसांचा होता आणि काम होते बेरजांचे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या विद्याभ्यासात केवळ वाहवा पुरते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. मुलाला कामाची गोडी लागावी हे शिक्षणाचे खरे साध्य आहे. वाहवा हे केवळ साधन होय. साधनच साध्य होऊन बसले तर काय घडते, हे डॉ. मारिया माँटेसोरी यांनी सांगितलेल्या एका प्रसंगावरून चांगले कळते.

माँटेसोरीबाईंनी १९०७ साली इटलीतील रोम शहरी, गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. एकदा त्या अशाच एका शाळेत गेल्या असता त्यांना एक चमत्कारिक दृश्य दिसले. तेथील शिक्षिकेने हुशार ठरलेल्या एका मुलाच्या गळ्यात फितीने बांधलेले रुपेरी पदक घातले होते आणि दुसऱ्या एका मुलाला शिक्षा म्हणून खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर बसविले होते. पदकवाला मुलगा आपल्या कामात गढून गेला होता. वस्तू इकडून तिकडे नेताना त्याचे पदक खाली पडले. खुर्चीवरच्या मुलाने ते उचलले आणि त्याला दाखविले. पदकवाल्याला त्याचे काहीच वाटले नाही. तुला हवे तर तूच घाल, असे सांगून तो पुन्हा आपल्या कामाला लागला. शिक्षा झालेल्या मुलाने ते पदक मोठ्या समाधानाने स्वतःच्या गळ्यात घातले. ज्याला काम होते त्याला पदकाची गरज नव्हती. ज्याला काम नव्हते त्यालाच त्याचे भूषण वाटले. बक्षीस आणि शिक्षा ही दोन्ही बाहेरून लावलेली टेकणे आहेत, असे माँटेसोरीबाईंचे मत अशा अनुभवांतून बनले.

हे विचार आपल्याकडेही आले व रुजले. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी, आणि त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी, बालशिक्षणाची नवी वाट पाडली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या व खेड्यातील मुलांसाठी त्यांनी बालवाडीचे कार्य आरंभिले. मूल भीतीने किंवा लोभाने शिकू नये, त्याने आपल्या आनंदासाठी शिकावे, हा या सर्व कार्याचा गाभा होता.

बक्षिसाच्या लोभाने आनंद कसा आटतो, याचे प्रमाण पुढे अमेरिकेत मिळाले. मार्क लेपर व त्यांचे दोन सहकारी यांनी १९७३ साली तीन ते पाच वर्षे वयाच्या बालकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना रंगीत लेखण्यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती अशीच मुले त्यांनी घेतली. काही मुलांना आधीच सांगितले की, चित्र काढलेस तर सोनेरी मोहोर व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तसेच प्रशस्तिपत्र अकस्मात, चित्र पुरे झाल्यावर दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी त्याच लेखण्या वर्गात मोकळ्या ठेवल्या आणि कोण किती वेळ चित्रे काढतो हे पाहिले. बक्षिसाच्या करारावर चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ त्यात घालविला. जो आधी खेळ होता तो त्यांच्या लेखी मजुरीचा झाला आणि मजुरी थांबताच कामही थांबले. विशेष हे की, अकस्मात प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड यत्किंचितही कमी झाली नाही. दोष प्रशस्तिपत्राचा नव्हता. त्याच्यासाठीच काम करावयाचे, या कराराचा होता.

आता खुद्द शब्दांकडे वळू. शाबासकीचे शब्दही सारखे नसतात. 'तू फार हुशार आहेस' आणि 'तू फार मेहनत घेतलीस' ही दोन्ही वाक्ये गोडच आहेत. ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा दोहोंनीही फुलतो. पण त्यांचे फळ निरनिराळे आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोन विदुषींनी १९९८ साली हे प्रयोगांनी दाखवून दिले. पाचव्या इयत्तेच्या मुलांना त्यांनी आकृत्यांची कोडी घातली. ती सोडवून झाल्यावर सर्वांनाच सांगितले की, तुम्ही छान यश मिळविलेत. पुढे काहींच्या बुद्धीची तारीफ केली, काहींच्या कष्टांची केली आणि काहींना अधिक काही सांगितले नाही. त्यानंतर कोणत्या प्रकारचे काम हवे ते मुलांना विचारले. बुद्धीची तारीफ ऐकलेल्यांपैकी बहुतेकांनी आपली हुशारी दिसत राहील असे काम पसंत केले. कष्टांची तारीफ ऐकलेल्यांपैकी बहुतेकांनी, चुका झाल्या तरी चालतील पण ज्यातून काही शिकता येईल, असे काम मागितले.

मग सर्वांना मुद्दाम अवघड कोडी देण्यात आली. त्यांत सर्वांनाच अपयश आले. हीच खरी कसोटीची वेळ होती. बुद्धीची तारीफ झालेल्या मुलांना आता त्या कोड्यांत रस वाटेना. आपल्यापाशी बुद्धीच कमी आहे, असा अर्थ त्यांनी अपयशातून काढला. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा त्यांचे काम पहिल्यापेक्षाही खालावले. कष्टांची तारीफ झालेल्या मुलांचे काम मात्र सुधारले. आणखी एक गोष्ट आढळली आणि ती मनाला चटका लावणारी आहे. दुसऱ्या शाळेतील अपरिचित मुलाला आपले गुण लिहून कळवावयास सांगितले, तेव्हा बुद्धीची तारीफ झालेल्यांपैकी शेकडा जवळजवळ चाळीस मुलांनी आपले गुण वाढवून लिहिले. इतर गटांत असे करणारी मुले पुष्कळच थोडी होती. ही मुले स्वभावाने खोटी नव्हती. 'हुशार' हे नाव त्यांना मिळाले होते आणि ते हातचे जाईल या धास्तीने त्यांनी खोट्याचा आश्रय घेतला.

याचे कारण शोधणे कठीण नाही. समजा, एक मुलगी आहे. चौथीपर्यंतचे गणित तिला सहज येत असे. घरीदारी सर्वजण तिला 'आमची हुशार' म्हणून ओळखतात. आजी शेजारणींना तिचे गुण सांगते. सहावीत अपूर्णांकांची अवघड उदाहरणे येतात आणि तिला प्रथमच अडखळायला होते. शेजारच्या मुलीने शंका विचारली, तर ती मुलगी फक्त आपली शंका सांगते. हिने शंका विचारली, तर हिच्या मते हिचे नावच जाणार! म्हणून ती हात वर करीत नाही. घरी उदाहरण सुटत नाही तेव्हा ती वही मिटून ठेवते. चाचणीचा कागद दप्तराच्या तळाशी जातो. 'कशी झाली चाचणी?' असे आई विचारते आणि ती 'चांगली झाली' असे सांगून पाणी पिण्यास निघून जाते. ज्या स्तुतीने तिला बळ यावे अशी सर्वांची इच्छा होती, तिचेच तिला ओझे झाले. बुद्धी ही जन्मतःच मिळालेली ठेव आहे आणि ती थोडी की पुष्कळ हे प्रत्येक परीक्षेत उघड होते, असे एकदा मुलाच्या मनाने घेतले, की प्रत्येक परीक्षा म्हणजे झडती वाटू लागते. उलट, बुद्धी ही तालमीने वाढणारी शक्ती आहे असे ज्याला वाटते, त्याला अवघड उदाहरण म्हणजे जड मुद्गल! तो उचलण्यातच त्याला हुरूप येतो.

स्तुतीचा आणखी एक दोष म्हणजे अतिशयोक्ती. एखादे मूल बुजरे व स्वतःविषयी साशंक असले, म्हणजे मोठ्या माणसांना त्याची दया येते आणि त्याला धीर यावा म्हणून ती भरमसाट स्तुती करतात. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील मुलांत या गोष्टीचा शोध घेतला व तो २०१४ साली प्रसिद्ध केला. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या थोर चित्रकाराच्या एका चित्राची नक्कल त्यांनी मुलांकडून करून घेतली. एका चित्रकाराचा अभिप्राय म्हणून काहींना 'चित्र सुंदर आहे' असे कळविले, तर काहींना 'चित्र विलक्षण सुंदर आहे' असे. मग पुढचे चित्र सोपे हवे की अवघड, ते निवडावयास सांगितले. ज्या मुलांचा स्वतःवर विश्वास कमी होता ती 'विलक्षण' हा शब्द ऐकून मागे सरली व त्यांनी सोपी चित्रे घेतली. साधी स्तुती ऐकून मात्र ती तशी मागे सरली नाहीत. केवढी ही विसंगती! ज्या मुलाला धीर देण्यासाठी हे मोठे विशेषण योजावयाचे, त्याच्याच उरावर ते दडपण होऊन बसते. कारण पुढच्या खेपेसही तितकेच विलक्षण काही करून दाखविले पाहिजे, असे त्याला वाटते.

तर मग चांगली शाबासकी कशी असते? तिचे पहिले लक्षण हे की, ती खरी असते. मुलांना वाटते त्याहून पुष्कळ अधिक कळते. सोप्या कामाबद्दल आपली एकट्याचीच वाहवा झाली, तर 'यांनी मला कच्चा समजलेले दिसते' हे जाणते मूल तत्काळ ओळखते. दुसरे लक्षण हे की, ती नेमकी असते. तालमीतील जाणता वस्ताद मल्लखांबावरून उतरलेल्या मुलाला 'तू मोठा पहिलवान होणार' असे म्हणत नाही. 'आज मांडीची पकड सुटली नाही. आता पाठ सरळ ठेव', एवढेच तो सांगतो. या छोट्या वाक्यात मुलाला तीन गोष्टी मिळतात: वस्तादाने आपल्याला नीट पाहिले, आपले काय साधले आणि पुढे काय साधावयाचे आहे. निबंधाच्या वहीवर 'उत्तम' असा एकच शब्द लिहिलेला असला, तर काय उत्तम झाले हे विद्यार्थ्याला कळत नाही. 'पहिल्या पावसाचे वर्णन डोळ्यांपुढे उभे राहिले. शेवट मात्र घाईने केला आहे', असे लिहिले असता त्याला आपली वाट दिसते.

इस्राएलमधील रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या संशोधनाने या गोष्टीस दुजोरा दिला. काही विद्यार्थ्यांच्या कामावर त्यांनी केवळ गुण दिले, काहींच्या कामावर केवळ शेरे लिहिले आणि काहींना गुण व शेरे दोन्ही दिले. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांची गोडी व कामगिरी दोन्ही वाढली. गुण व शेरे एकत्र मिळालेल्यांना मात्र असा लाभ झाला नाही. अंक दिसला की दृष्टी तेथेच खिळते आणि 'दुसऱ्याला किती मिळाले?' याचीच चौकशी सुरू होते. शेरा कितीही मोलाचा असला तरी तो मग वाचतो कोण?

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. 'हुशार' हा शब्द सोडून 'मेहनती' हा शब्द घेतला की सर्व काही साधले, असे नाही. विहीर चुकीच्या जागी खणली, तर कितीही घाम गाळला तरी पाणी लागत नाही. अभ्यासाची रीत चुकत असता 'तू कष्ट तर केलेस ना!' असे म्हणून मुलाचे समाधान करणे ही त्याची फसवणूकच होय. त्याला नवी रीत दाखविली पाहिजे. बुद्धी वाढू शकते हा विचार मनावर ठसविल्याने किती लाभ होतो, याची अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांत मोठी पाहणी झाली व ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचे गुण त्यामुळे वाढले. पण ती वाढ थोडी होती. तात्पर्य, योग्य शब्द हे खत आहे. जमीन, पाणी आणि नांगरट यांचे काम खत करू शकत नाही. चांगले शिकविणे व नेटाने शिकणे यांना पर्याय नाही.

शाबासकी देण्याचा अधिकार केवळ थोरांचाच असतो असेही नाही. वर्गातील सोबती एकमेकांना ती देऊ शकतात. कालपर्यंत ज्याला वाचताना अडखळायला होई, त्याने आज एक परिच्छेद न थांबता वाचला, तर ते शेजारच्या मुलाच्या ध्यानी गुरुजींच्या आधी येते. त्याने हळूच 'आज छान वाचलेस, एकदाही थांबला नाहीस' असे म्हटले, तर त्या शब्दांचे मोल पदकाहून कमी नाही. शाबासकी घेण्याचीही एक रीत आहे. ती ऐकून फुगावयाचे नसते आणि तिच्यावाचून कोमेजावयाचेही नसते. आपले काय साधले एवढे तिच्यातून टिपून घ्यावे व पुढच्या कामास लागावे.

चालायला शिकणारे मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा घरातील सर्वांना आनंद होतो. पण ते पडते तेव्हा कोणी त्याला 'मठ्ठ' म्हणत नाही, आणि उभे राहते तेव्हा कोणी 'हुशार' म्हणून त्याची परीक्षाही पाहत नाही. सर्वजण हात पसरून 'ये, आणखी एक पाऊल' एवढेच म्हणतात. मूल पडते, उठते आणि चालू लागते. शाळेतील पाऊलही असेच असते. त्या मुलीच्या दप्तराच्या तळाशी दडलेला चाचणीचा कागद ज्या दिवशी ती आपण होऊन आईपुढे ठेवील आणि आई 'कुठे अडले ते दोघी मिळून पाहू' असे म्हणेल, त्या दिवशी तिला खरी शाबासकी मिळाली असे समजावे.